राखेचा पंचनामा

पुण्याच्या जिल्हा मॅजिस्ट्रेटने १६ मे १८७५ रोजी कमिशनरला एक पत्र लिहिले. पत्र लहान आहे आणि घाईत लिहिले असावे. आदल्या दिवशी, म्हणजे शनिवारी १५ तारखेला, आपण सुप्याला पोहोचलो तेव्हा दंग्याची हकीकत कळली, असे तो सांगतो. सावकाराचे एक घर जळून गेले आहे. डझनभर घरे फोडून आतले सगळे बाहेर काढलेले आहे. हिशेबाचे कागद, कर्जरोखे, धान्य आणि गावठी कापड रस्त्यातच जाळले असून राखेचे ढीग अजून दिसत आहेत. पोलिसांनी ५० माणसे धरली आहेत, २,००० रुपयांचा चोरीचा माल परत मिळाला आहे. नुकसान २५,००० रुपयांच्या वर असावे असा साहेबाचा अंदाज. सावकारांच्या मते मात्र ते १ लाखाच्या वर आहे.

‘दख्खनचे दंगे’ या नावाने पाठ्यपुस्तकात गेलेल्या प्रकरणाचा हा जवळजवळ पहिलाच कागद. पाठ्यपुस्तकात तो दोन ओळींत उरकतो. इथे जरा थांबून तो नीट वाचू.

आधी तारखेचा ताळा घेऊ. सुप्याचा दंगा १२ मेचा आणि बाजाराच्या दिवशीचा, हे नंतरच्या सगळ्या सरकारी कागदांत आहे. पत्रात १५ मेला शनिवार आहे, तेव्हा १२ मेला बुधवार येतो. १८७५ च्या पंचांगाशी दोन्ही वार जुळतात. बाब किरकोळ आहे, पण असे ताळे घेतल्याशिवाय पुढच्या मोठ्या आकड्यांवर भार टाकू नये. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते, आज बारामती तालुक्यात आहे. बाजाराच्या दिवशी आसपासच्या गावांची माणसे तिथे येत, आणि गुजराती व्यापारी-सावकारांची बरीच घरे त्याच पेठेत होती. ज्यांचे देणे होते ते आणि ज्यांचे घेणे होते ते, दोघेही त्या दिवशी एकाच पेठेत होते. दंग्याला तो दिवस कुणी ठरवून निवडला की गर्दीनेच गर्दीला पेटवले, हे पत्रातून कळत नाही. तिसऱ्या दिवशीही राख रस्त्यावरून कुणी झाडलेली नव्हती, एवढे मात्र कळते.

आता नुकसानीचे दोन आकडे पाहू. साहेबाचे २५,००० आणि सावकारांचे १ लाख, म्हणजे थेट चौपट. सरळ अर्थ असा की सावकारांनी फुगवून सांगितले. लुटल्या गेलेल्या माणसाला भरपाईची आशा असते आणि आकडा वाढवायचा तर तीच वेळ. पण दुसरी शक्यताही मला टाकवत नाही. साहेबाने जळके घर, कापडाचे तागे, धान्याची पोती मोजली असतील. पाचशे रुपयांचा कर्जरोखा त्याच्या लेखी कागदाचा कपटा. ज्याच्या पेटीत तो होता त्याच्या लेखी ते पाचशे रुपये. दोन आकड्यांमधली पाऊण लाखाची दरी ही जळलेल्या कर्जाची बेरीज तर नसेल? हा माझा तर्क आहे, त्याला पुरावा नाही. मात्र या दंग्यात कागद हीच मत्ता होती आणि तोच निशाणा होता, हे मानायला पुढचे बरेच आधार आहेत.

यादीतला एक शब्द डोळ्यांत खुपतो, तो म्हणजे धान्य. वैशाख चालू, खरिपाची पेरणी तोंडावर, आणि ज्यांच्या घरात दाणा नाही अशी माणसे सावकाराच्या घरातले धान्य उचलून न नेता रस्त्यात जाळतात. सगळेच जाळले असे नाही. २,००० रुपयांचा माल परत मिळाला, म्हणजे लूटही झालीच, आणि जो सापडला नाही तो वेगळा. तरी पोटासाठीच केलेल्या लुटीत धान्याची होळी होत नाही.

मग त्या रोख्यांत होते तरी काय? सुप्याचे रोखे गेले. पण दंग्यांनंतर नेमलेल्या चौकशी आयोगाने, ज्याचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे ठेवला गेला, त्या मुलखातल्या दस्तऐवजांचे नमुने गोळा केले. त्यांतले एक भाडेखत मी पुन्हा पुन्हा वाचले आहे. शेतकरी सावकाराला लिहून देतो की, तुमच्या देण्यापोटी माझ्या लोखंडी आसाच्या दोन गाड्या, त्यांच्या सरंजामासह, आणि चार बैल मी तुम्हाला विकले. पुढच्याच वाक्यात तो लिहून देतो की, त्याच दोन गाड्या आणि तेच चार बैल मी तुमच्याकडून भाड्याने घेतले. भाडे महिना चार रुपये. ते भरल्यावर तुमच्या हातची पावती घेईन. पावती नसेल तर भाडे भरले अशी तक्रार करणार नाही.

बैल गोठ्यातून हललेले नाहीत. गाडीचे तोंडही फिरलेले नाही. कागदावर मात्र मालकी गेली, आणि वर्षाला ४८ रुपयांचे भाडे मागे लागले. शेवटचे कलम सगळ्यांत बारकाईने लिहिलेले आहे. पावती द्यायची की नाही हे सावकाराच्या हातात. आणि पावती नसेल तर भांडायचे नाही, हे शेतकऱ्याने आधीच कबूल केलेले. सही करता न येणाऱ्या कुणब्याच्या नावापुढे जुन्या दस्तांत नांगराची निशाणी काढलेली असते. ज्याला आपण काय लिहून देतो आहोत हे वाचता येत नाही, त्याने नांगराच्या चित्राने आपले बैल लिहून द्यायचे, अशी ती रीत. हा नमुना आपल्याला इंग्रजी तर्जुम्यातून मिळतो, हेही विसरू नये. मूळ मराठी शब्द कोणते होते, हे आपण उलट्या बाजूने चाचपतो आहोत.

पावतीचे ते कलम एकट्या सावकाराची लबाडी होती की सर्रास चाल? इथे दुसरा साक्षीदार कामी येतो. नगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यातील मिरजगावच्या एका रयताने कलेक्टरकडे दिलेला अर्ज आयोगाच्या कागदांत आहे. सावकार अलीकडे आम्हाला फार छळू लागले आहेत, असे तो म्हणतो. घरखर्च भागत नाही म्हणून पैसा, कपडा, धान्य त्यांच्याकडेच मागावे लागते आणि ते जाचक अटी लिहून घेतल्याशिवाय देत नाहीत. रोख घेणाऱ्याला जो भाव, त्यापेक्षा उधारीवाल्याला शेकडा २५ ते ५० जास्त. शेतातले पीकही तेच नेतात. नेताना खात्याला जमा करू म्हणतात आणि वहीत त्याचा उल्लेख करत नाहीत. नेलेल्या मालाची पावती मागितली तर देत नाहीत.

पावती पुन्हा आलीच. भाडेखत सावकाराच्या बाजूचा कागद, अर्ज रयतेच्या बाजूचा. दोघे एकमेकांना ओळखत नाहीत आणि तरी एकाच जागेवर बोट ठेवतात. इतिहासाच्या कामात असे क्षण फार येत नाहीत. अर्जाला अर्थात स्वतःची गरज आहे. तो सहानुभूती मिळवण्यासाठी लिहिलेला आहे, आणि बहुधा कुणा लिहित्या हाताने लिहून दिलेला. त्यामुळे २५ ते ५० हे टक्के मी जपून वापरेन. पावतीची बाब मात्र पक्की धरेन.

आयोगाने तपासलेल्या एका प्रकरणात १०० रुपयांच्या कर्जावर २,००० रुपयांहून जास्त व्याज लावलेले होते. हा आकडा वाचला की आधी खोटाच वाटतो. आपल्याकडे दामदुपटीचा दंडक जुना: व्याज मुद्दलाहून वर जाऊ द्यायचे नाही. मग वीसपट व्याज आले कुठून? याचे उत्तर एका कायद्यात आहे, आणि तो कायदा रयतेच्या भल्यासाठीच केलेला होता. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली. व्याज साचत जाऊ नये हा हेतू. सावकारांनी त्यातून वाट काढली ती अशी: दर तीन वर्षांनी रोखा नवा करून घ्यायचा आणि थकलेले व्याज नव्या रोख्यात मुद्दल म्हणून चढवायचे. दामदुपट दर वेळी नव्या मुद्दलापासून मोजायची. कागद बदलला की जुने व्याज नाहीसे होऊन त्याचे मुद्दल झालेले असे.

पाटी-पेन्सिल घेऊन बसलो. १८५९ ते १८७५ या सोळा वर्षांत तीन-तीन वर्षांचे पाच पूर्ण फेरे बसतात. शेकडा २४ दराने १०० रुपयांचे पाच फेऱ्यांत साधारण १,५०५ होतात. व्याज १,४०५, म्हणजे आयोगाच्या आकड्याला कमी पडते. दर २८ धरला तर पाच फेऱ्यांनंतर रक्कम २,१०९ वर जाते आणि व्याज २,००९. म्हणजे २,००० हा आकडा अशक्य नाही. मध्ये दमडी परत केलेली नसेल, किंवा केलेली वहीत चढलेली नसेल, तर २८ च्या आसपासचा दर पुरेसा होतो. त्या प्रकरणात हाच दर आणि हेच फेरे होते असे मी म्हणत नाही. कर्ज जुने असेल, रोखे लवकर लवकर बदलले असतील. पण राक्षसी दिसणारा आकडा घडायला कुणी राक्षस लागत नव्हता. दर तीन वर्षांनी नवा कागद आणि त्यावर नांगराची निशाणी, एवढे बस होते.

दंग्याची सुरुवात मात्र सुप्याची नाही. १८७४ च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावी काळूराम नावाच्या मारवाडी सावकाराने बाबासाहेब देशमुख याच्यावरच्या दीडशे रुपयांच्या हुकूमनाम्यापायी त्याचे घर घेतले आणि पाडायला काढले. गावाने काळूरामला लुटले नाही, वाळीत टाकले. न्हाव्याने हजामत करायची नाही, कुणी पाणी भरायचे नाही. ही पद्धत आसपास पसरली. सुप्यापर्यंतच्या पाच महिन्यांत हात उगारला गेला नाही. बलुतेदारीचा जुना दोर तेवढा आवळला गेला. देशमुख हा काही भुकेकंगाल कुणबी नव्हता, गावचा मानकरी होता. या लढ्याला पहिले तोंड गावातल्या वरच्या थराने दिले, ही गोष्ट ‘गरिबांचा उठाव’ म्हणणाऱ्यांनी जरा तपासून घ्यावी.

याच बहिष्काराचा एक कागद शिल्लक आहे, इंदापूर तालुक्यातल्या कळस गावच्या लोकांनी केलेले संमतिपत्र. जो कुणी गुजरांची जमीन कसेल किंवा त्यांची चाकरी करील, त्याला गावचे न्हावी, परीट, सुतार, लोहार काम करून देणार नाहीत, असा त्याचा आशय. या सबंध प्रकरणात दुसऱ्यांचे कागद जाळणाऱ्यांच्या बाजूने लिहिला गेलेला हा एक कागद. लिहिणाऱ्याला खताची भाषा ठाऊक आहे: कोण बांधील, मोडल्यास शिक्षा काय. सावकाराकडे वर्षानुवर्षे लिहून दिल्यावर गावाने एकदा स्वतःलाच लिहून दिले. यात धाक आहे हेही खरे. सही करणारा प्रत्येक जण राजीखुशीने पुढे आला असेल असे मानायला मी तयार नाही.

सुप्यानंतर दंगा पुणे आणि नगर जिल्ह्यांत फैलावला. ‘नेटिव्ह ओपिनियन’ या वृत्तपत्राने वर्णन केलेली रीत अशी: आधी शिवेवर माणसे बसवायची, सरकारी अंमलदार येतो का पाहायला. मग जमावाने सावकाराच्या दारी जाऊन रोखे मागायचे. दिले तर ठीक, नाही दिले तर मारण्या-लुटण्याची धमकी. शिवेवरून वर्दी आली की पांगायचे. हे वाचून सुप्यातला भडका एकदम वेगळा वाटू लागतो. सुप्यात घर जळले, धान्य जळले. नंतरच्या गावांत काम शिस्तीचे झालेले दिसते: कागद काढा, विषय संपला. इतक्या जागी इतकी माणसे चालून गेली, तरी शारीरिक इजा फारच थोड्या ठिकाणी झाल्याचे सरकारी कागदच सांगतात. सावकारांना निर्दोष ठरवण्याची सरकारला घाई नव्हती, तशी दंगेखोरांना सज्जन ठरवण्याचीही गरज नव्हती. म्हणून ही नोंद मला विश्वासार्ह वाटते.

आणखी एक नोंद अडचणीची आहे. मार मुख्यतः मारवाडी आणि गुजराती सावकारांना बसला. जिथे ब्राह्मण सावकारही तोच धंदा करत होते तिथे त्यांना बहुधा कुणी हात लावला नाही. व्याज हेच एकमेव कारण असते तर निवड अशी झाली नसती. बाहेरून आलेला, गावकीत न मिसळलेला, देणे थकले तर जमीन घेऊन मोकळा होणारा सावकार आणि गावातच पिढ्यान्‌पिढ्या राहणारा सावकार यांत शेतकरी फरक करत होता, असे यातून म्हणता येते. त्या फरकात न्याय किती आणि परकेपणाचा राग किती, हे वेगळे करून दाखवायला कागद मदत करत नाहीत.

त्या दिवसांत भीमथडीत फिरलेल्या एका वावडीचीही नोंद झाली आहे. पुण्यातल्या कुणा साहेबाची मिळकत एका मारवाड्याने हुकूमनाम्यावर लिलावात काढली, साहेबाने राणीकडे दाद मागितली, आणि मारवाड्यांनी रोखे परत करावेत असा हुकूम विलायतेहून आला आहे, अशी ती वावडी. खरी असण्याचा प्रश्नच नाही. पण ती ज्यांनी पसरवली त्यांना दरोडा घालायचा नव्हता, हुकमाची अंमलबजावणी करायची होती. निदान तसे मनाला पटवायचे होते. दंगेखोरांच्या मनात काय होते हे त्यांच्यातल्या कुणी लिहून ठेवलेले या कागदांत मिळत नाही. त्यांच्या तोंडून निघाले असेल असे वाटायला लावणारी गोष्ट हीच एक, आणि तीही खोटी.

पुणे जिल्ह्यात ५५९ जणांना अटक झाली, त्यांतल्या ३०१ जणांना शिक्षा लागली. नगरमध्ये ३९२ पैकी २०० जणांना. एकूण ९५१ पैकी ५०१. म्हणजे धरलेल्यांतले जवळजवळ निम्मे सुटले. साक्षीदार फुटले, की पोलिसांनी सापडेल त्याला धरले होते? दोन्ही शक्य आहे. मला तरी वाटते, गावाविरुद्ध साक्ष द्यायला उभा राहणारा माणूस कर्ड्याच्या काळूरामची गत पाहून चुकला होता.

आतापर्यंत ज्यावर विसंबलो त्या आयोगाचीच उलटतपासणी घ्यायला हवी. मुंबई सरकारला प्रथम या दंग्यात मोठे काही दिसले नव्हते. हिंदुस्थान सरकारच्या मनात मात्र १८५७ ताजे होते. त्याने जोर लावला म्हणून आयोग झाला. शेतसारा जास्त होता म्हणून रयत चिडली का, याचा तपास करायचा होता, आणि उत्तर आले ते असे की साऱ्याचा दोष नाही, सावकारांचा आहे. सरकारने नेमलेल्या आयोगाने सरकारला मोकळे केले, याचे आश्चर्य नको. पण आयोगातलेच एक सभासद ऑकलंड कोल्विन यांनी स्वतंत्र टिपण जोडून साऱ्याच्या पद्धतीवर बोट ठेवले. ते वायव्य प्रांतातले अधिकारी; मुंबईच्या सारापद्धतीचे समर्थन करण्याची सक्ती त्यांच्यावर नव्हती. इंदापूर तालुक्यात १८६७ मध्ये साऱ्याची फेरआकारणी झाली आणि दर पन्नास टक्क्यांच्या वर चढले. त्याआधी अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला चढा भाव आला होता आणि सावकार हात सैल करून कर्ज देत होते. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि भाव उतरले. पुणे सार्वजनिक सभेने १८७३ मध्येच, दंग्याच्या दोन वर्षे आधी, साऱ्याच्या जाचाबद्दल अहवाल काढला होता. हे सगळे मांडून पाहिल्यावर आयोगाचा निष्कर्ष मला अर्धाच पटतो. सावकाराचा कागद जाचक होता यात शंका नाही. पण शेतकरी त्याच्या दारी जात होता ते बऱ्याचदा साऱ्याचा हप्ता भरण्यासाठी.

उलट बाजूही आहे. नील चार्ल्सवर्थ या इंग्रज इतिहासकाराने १९७२ मध्ये लिहिले की, हे दंगे फार लहान होते आणि त्यांची दंतकथा झाली ती सरकारने त्यांना दिलेल्या महत्त्वामुळे. दंगे झालेली गावे त्या दोन जिल्ह्यांच्या मानाने मोजकी, हे खरेच आहे. पण दंग्याचा आकार गावांच्या संख्येवरून मोजायचा की त्याने पुढे कोणते कागद लिहायला लावले त्यावरून, हा प्रश्न राहतो.

लिहायला लावले ते हे. १८७९ मध्ये दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या जिल्ह्यांना लागू. शेतकऱ्याने करून दिलेले खत गावच्या नोंदणी अंमलदारासमोर, त्या अंमलदाराने वाचून दाखवूनच व्हावे, नाही तर ते चालणार नाही. कोर्टाने नुसता रोखा न पाहता व्यवहाराच्या मुळापर्यंत जाऊन हिशेब तपासावा. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकता येणार नाही. नोंदलेल्या खताची मुदत बारा वर्षे, इतर खतांची सहा. तीन-तीन वर्षांचा फेरा संपला. आणि शेतकऱ्याने मागितली तर सावकाराने पावती दिलीच पाहिजे. मिरजगावचा अर्ज आणि चार बैलांचे भाडेखत समोर ठेवून हा कायदा वाचला की कोणते कलम कोणत्या ओळीला उत्तर आहे ते दिसत जाते. मधल्या १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने कायद्याची घाई वाढवली हेही खरे, त्यामुळे सगळे श्रेय सुप्याला देता येणार नाही.

एक धागा मला अजून सुटलेला नाही. शंभर रुपयांच्या वरच्या जमीन-घराच्या दस्तांची नोंदणी १८६० च्या दशकापासून सक्तीची होती, आणि नोंदलेल्या दस्ताची नक्कल सरकारी पुस्तकात उतरवली जाई. सुप्याच्या पेठेत मूळ गहाणखत जळाले, तरी त्याची नक्कल नोंदणी कचेरीत शाबूत असणार. म्हणजे त्या बुधवारी खरोखर नाहीसे झाले ते लहान कर्ज: नोंद न झालेले हातरोखे, वह्यांतली बाकी, जंगम मालावरचे व्यवहार. लोखंडी आसाच्या दोन गाड्या आणि चार बैल यांचे भाडेखत याच जातीचे. सुप्यातल्या एखाद्या पेटीत त्याची भावंडे असतील, तर ती त्या राखेत होती. हे एक वाचले, कारण दुसऱ्या कुठल्या तरी दप्तरातून ते आयोगाच्या कारकुनाच्या हाती लागले आणि त्याने ते इंग्रजीत उतरवून घेतले, महिना चार रुपयांच्या भाड्यासकट.